खांदा का दुखतो, कुणाचा दुखतो



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदमळणी करतो. बैल धुवायचे, संध्याकाळी त्यांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, हळद आणि तूप चोळायचं आणि उद्या जेवायला या म्हणून आवतण द्यायचं. एरवीसुद्धा बैलाचा खांदा जुवाखाली सुजला तर कुणी जाणता शेतकरी त्याला औताला जुंपत नाही. सालगड्याला बजावून सांगतो, "आठ दिवस त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही." पण त्याच शेतकऱ्याचा स्वतःचा खांदा दुखायला लागला की तो काय करतो? पहिला महिना काहीच करत नाही. मग तेल चोळून घेतो. मग कुणी सांगितलं म्हणून बिब्ब्याचा चटका घेतो. मग मेडिकलमधून दोन रंगांच्या गोळ्या आणून खातो. आणि हात अगदीच वर जाईना झाला म्हणजे दवाखान्याची पायरी चढतो.

मुरुड आणि आसपासच्या गावांतून जी दुखणी माझ्याकडे येतात, त्यांत कंबर आणि गुडघा यांच्या खालोखाल खांद्याचाच नंबर लागतो. इतकी वर्षं हे खांदे पाहून जी एक गोष्ट मनात पक्की झाली आहे तीच आज सांगणार आहे. खांदेदुखी म्हणजे एकच आजार नव्हे. तिशीतल्या गड्याचा खांदा दुखतो, पन्नाशीतल्या मावशीचा दुखतो आणि सत्तरीतल्या आजोबांचाही दुखतो. जागा तीच, पण आजार निरनिराळे. एकाला काम थांबवायला सांगावं लागतं, तर दुसऱ्याला हात हलवायला. आणि काहींचा खांदा दुखतो खरा, पण आजार खांद्यात नसतोच. म्हणून "कुठं दुखतं" एवढंच पाहून भागत नाही. माणूस किती वर्षांचा, काम काय करतो, साखर-बीपी आहे का आणि नेमकं काय करताना दुखतं, हे चारही विचारावं लागतं. घरच्या घरी तुम्हालाही ते विचारता येईल.

आधी सांधा समजून घेऊ. मांडीचा सांधा उखळासारखा आहे, गोळा खोल बसलेला. खांद्याचा गोळा मात्र पणतीएवढ्या उथळ वाटीला नुसता टेकलेला असतो. म्हणून तर हात चौफेर फिरतो. त्याच हातानं गोफण फिरवता येते, डोक्यावरचा भारा धरता येतो आणि पाठही खाजवता येते. एवढी मोकळीक दिल्यावर गोळा जागेवर धरतं कोण? चार स्नायू आणि त्यांच्या चिवट दोऱ्या. या दोऱ्या गोळ्याला पुढून, वरून आणि मागून आवळून धरतात. वरच्या अंगाला खांद्याच्या हाडाचं एक छप्पर आहे. छप्पर आणि गोळा यांच्यामधल्या अरुंद फटीतून वरची दोरी जाते. हात खांद्याच्या वर नेला की ती फट आणखी आवळते. विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोर घासून घासून कसा विसविशीत होतो, ते तुम्ही पाहिलेलं आहेच. खांद्याच्या दोरीचं निम्मंशिम्मं दुखणं त्याच जातीचं असतं.

ते बहुतेक चाळीस ते साठ वयाच्या कष्टकरी माणसाला होतं. हात पुन्हा पुन्हा वर नेण्याचं किंवा खांद्यावर ओझं घेऊन हात चालवण्याचं काम ज्याला आहे, त्याला. फवारणीचंच पाहा. सोयाबीनवर अळी पडली की सुटी नसते. एकराला दहा-बारा पंप लागतात. सोळा लिटरचा पंप भरला की पंपासकट वीस किलोच्या घरात जातो, आणि ते वजन दोन पट्ट्यांनी खांद्यावर. एका हातानं नळी धरायची, दुसऱ्यानं दांडा मारायचा. मिनिटाला पंधरा दांडे धरले आणि एक पंप संपायला पंधरा मिनिटं लागली, तर एका पंपाला सव्वादोनशे दांडे झाले. एकराला किती आणि पाच एकराला किती, हा हिशोब तुम्हीच करा. बॅटरीचा पंप आल्यापासून दांडा मारणं सुटलं, पण वजन सुटलेलं नाही. त्याच हंगामात खताच्या गोण्या उतरवायच्या. युरियाची गोणी पूर्वी पन्नास किलोची होती, २०१८ पासून पंचेचाळीसची झाली. पाच किलो कमी झाले ते बरंच झालं, पण ट्रॉलीतून गोणी खांद्यावर घेताना झटका बसायचा तो बसतोच. आडतीतल्या हमालाचं, ऊसतोड्याचं आणि छताला रंग देणाऱ्याचं दुखणं बरंचसं याच वळणाचं.

बायकांच्या वाट्याला पाणी येतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. ते देशभर गाजलं. पण खेड्यापाड्यांत बायका तळ गाठलेल्या विहिरींतून पोहऱ्यानं पाणी शेंदत होत्या आणि टँकरपाशी घागरी उचलत होत्या, ते कुठं छापून आलं नाही. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे आलेल्या किती तरी जणींचा उजवा खांदा एकाच तऱ्हेनं दुखत होता.

हे दोरी घासल्याचं दुखणं ओळखायचं कसं? दंडाच्या बाहेरच्या अंगाला दुखतं. हात बाजूनं वर नेऊ लागलं की पहिला टप्पा बरा जातो, खांद्याच्या उंचीजवळ चमक भरते आणि त्याच्याही वर गेलं की पुन्हा जरा हलकं वाटतं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मात्र दुसऱ्या कुणी हात धरून सावकाश उचलला तर तो पुरता वर जातो. ही शेवटची खूण ध्यानात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

यावर पहिला उपाय म्हणजे तीन ते सहा आठवडे खांद्याच्या वर हात नेण्याचं आणि ओझं खांद्यावर घेण्याचं काम बंद. काम बंद म्हणजे हात बंद नव्हे. पुष्कळ जण हात गळ्यात बांधून बसतात, ते चुकीचं आहे. जेवण, अंघोळ आणि हलकं काम त्याच हातानं करायचं. दुखणं जरा उतरलं की स्नायूंना बळ देणारे व्यायाम शिकून घ्यायचे. बहुतेकांचा खांदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अशानंच बरा होतो, शस्त्रक्रिया लागत नाही.

साठीच्या पुढच्यांना मात्र एक वेगळी सूचना आहे. वयानं दोरी आधीच झिजलेली असते. बैलानं कासऱ्याला हिसका दिला, बांधावरून पाय घसरला आणि हात टेकला, एवढ्याशा निमित्तानं ती तुटते. मग आपल्या बळानं हात वर जातच नाही. दुसऱ्यानं उचलून दिला तर जातो, पण सोडला की धपकन खाली येतो. अशा माणसानं "म्हातारपण आहे, चालायचंच" म्हणून घरी बसू नये. दोन-तीन आठवड्यांच्या आत हाडांच्या डॉक्टरला दाखवावं. उशीर झाला तर तुटलेला स्नायू आकसतो आणि मग शिवायला घेतला तरी नीट धरत नाही.

आणखी एक प्रकार क्वचित दिसतो, पण दिसला की माणूस रडकुंडीला येतो. काल काही नव्हतं आणि आज पहाटे खांद्याला हात लावू देत नाही. या दोरीत चुन्यासारखा थर साठतो आणि तो विरघळू लागला की अशी आग होते. तंबाखूला चुना लावून खाणारे लगेच घाबरून विचारतात, हाच का तो चुना? नव्हे. खाल्लेल्या चुन्याचा आणि याचा संबंध नाही. तंबाखू सोडायला दुसरी कारणं भरपूर आहेत.

आता दुसरं मोठं दुखणं. हे सर्वांत जास्त चुकीच्या हाती पडतं, म्हणून सविस्तर सांगतो.

पन्नाशीच्या एक मावशी लेकीबरोबर आल्या. म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, हात वरी जाईना बगा. पाठीमागं तर अजिबात जाईना. वेणी घालायला लेकीला बोलवावं लागतंय, चोळीची गाठ सुनेकडून मारून घ्यावी लागतीय. रातच्याला नीज नाही." पाच महिने झाले होते. ना पडल्या, ना कुठं मार लागला. घरात कुजबूज होती की खुरपणीचा हंगाम आला की मावशींचा हात दुखतो. हे सांगताना बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्यापेक्षा तिला तेच जास्त लागलं होतं. मधल्या काळात एका चोळणाऱ्यानं हात जोरात ओढून सोडवायचा प्रयत्न केला होता आणि त्यानंतर चार रात्री ती बसून होती.

मी तिचं कोपर कुशीला टेकवून, हात काटकोनात धरून बाहेरच्या बाजूला वळवून पाहिला. दार उघडावं तसा तो बाहेर वळायला पाहिजे. तिचा तिला वळेना आणि मलाही वळवता येईना. मघाची खूण आठवा. दोरीच्या दुखण्यात दुसऱ्यानं उचललेला हात जातो, या दुखण्यात दुसऱ्यानं उचलला तरी जात नाही. सांध्याभोवतीची पिशवीच सुजून जाड होते आणि आकसते. याला डॉक्टर फ्रोजन शोल्डर म्हणतात. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराचे डॉक्टर कॉडमन यांनी १९३४ साली हे नाव रूढ केलं. आपण आखडलेला खांदा म्हणू.

हा साधारण चाळीस ते साठ वयात होतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. आणि मधुमेह असलेल्यांना तर फारच जास्त. साध्या माणसांत शंभरातल्या दोघा ते पाच जणांना कधी ना कधी होतो, तर मधुमेह असलेल्या शंभरातल्या दहा ते वीस जणांना होतो. थायरॉइडचा विकार असलेल्यांतही तो अधिक दिसतो. म्हणून ज्याचा खांदा असा विनाकारण आखडला, त्याची साखर तपासल्याशिवाय मी पुढं जात नाही. त्या मावशींची तपासली तर उपाशीपोटी दोनशेच्या वर निघाली. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तहान लागते, रात्री उठावं लागतं, पण ते उन्हाळ्यामुळं असेल असं त्या धरून चालल्या होत्या. खांदा आखडला नसता तर डोळ्यांवर किंवा पायाच्या जखमेवर येईपर्यंत ती साखर तशीच लपून राहिली असती. सुनेला बोलावून सगळं समजावून सांगितलं. तिचाही दोष नव्हता, बाहेरून काही दिसतच नाही ना.

साखरेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मोफत होते. तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकानं ती करून घ्यावी अशी सरकारी योजनाच आहे. मग खांदा दुखो न दुखो.

या आखडलेल्या खांद्याची चाल ठरलेली असते. पहिले तीन ते नऊ महिने दुखणं जोरात, विशेषतः रात्री. मग दुखणं कमी होतं पण हात जखडतो, त्यात आणखी चार महिने ते वर्ष जातं. आणि मग तो हळूहळू सुटायला लागतो. सगळं मिळून वर्षापासून तीन वर्षांपर्यंत. काहींचा थोडा ताठपणा कायमचा राहतो, पण काम अडत नाही. हे ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो. पण चाल माहीत असली म्हणजे माणूस दर महिन्याला नवा वैद्य शोधत हिंडत नाही.

पहिल्या टप्प्यात सांधा ओढायचा नाही, मोडायचा नाही, त्याच्याशी झटायचं नाही. पन्नाशीनंतर बायकांची हाडं ठिसूळ होत जातात आणि जोरात ओढल्यानं दंडाचं हाडच मोडू शकतं. या टप्प्यात सांध्यात दिलेलं एक इंजेक्शन बऱ्याच जणांना उतार देतं. ते शिकलेल्या डॉक्टरकडूनच घ्यावं. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून तपासत राहावं. आपलं आपण सोसेल एवढं हलवणं सुरूच ठेवायचं. दुखणं ओसरलं की ताण देणारे व्यायाम वाढवायचे. ते पुढं सांगतो.

एक आखडणं मात्र आपणच ओढवून घेतो. कुणी पडलं, मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर झालं. प्लास्टर मनगटाला असतं, खांद्याला नसतं. पण माणूस दीड महिना हात झोळीत घालून बसतो, आणि प्लास्टर निघतं तेव्हा मनगट बरं झालेलं असतं आणि खांदा गेलेला असतो. डॉक्टरनं मना केलं नसेल तर पहिल्या दिवसापासून झोळी काढून दिवसातून तीन-चार वेळा खांदा वर-खाली करा, बोटंही उघडझाप करा. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर आणि लकव्यानंतर हाच धोका असतो. लकवा झालेल्या माणसाला उठवताना त्या लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका. त्या खांद्याला धरून ठेवणारं बळच गेलेलं असतं, गोळा वाटीतून खाली उतरतो. पाठीखाली हात घालून उठवा, आणि बसवल्यावर हाताखाली उशी ठेवा.

तरुणांचं फार लांबवत नाही. विशी-तिशीतला खांदा बहुधा मार लागून दुखतो. मोटारसायकलवरून पडणं, कबड्डी, आंब्याच्या झाडावरून पडणं. खांद्याची गोलाई जाऊन तिथं कोपरा दिसायला लागला आणि हात अंगाला टेकेना, तर गोळा निखळला आहे. तो गावात बसवून घेऊ नका. हाडही मोडलेलं असू शकतं आणि काखेतून जाणारी नस व रक्तवाहिनी ओढाताणीत दुखावते. हात आहे त्या स्थितीत उपरण्यानं आधार देऊन दवाखान्यात न्या, आधी एक्स-रे. हाडवैद्यांच्या हाताला गुण असतो असं लोक म्हणतात. पण हाड मोडलंय की सांधा निखळलाय हे हातानं कळत नाही, कोणाच्याच, माझ्यासुद्धा. मिरगीचा झटका येऊन गेल्यावर खांदा दुखू लागला तरी एक्स-रे काढाच.

आता खांद्यात नसलेलं दुखणं. मान आणि फऱ्यामध्ये दुखतं, मान वळवली की वाढतं, चमक कोपराच्या खाली थेट बोटांपर्यंत जाते, मुंग्या येतात, तर बहुधा मानेच्या मणक्यातली नस दबलेली असते. खांद्याचं खरं दुखणं सहसा कोपराच्या खाली जात नाही. डोक्यावर भारे वाहणाऱ्यांत हे पुष्कळ दिसतं. अशा माणसाचा खांदा वर्षभर चोळला तरी उपयोग व्हायचा नाही.

आणि एक दुखणं असं आहे की ज्यात खांदा चोळत बसणं जिवावर बेततं. यात माझी स्वतःची एक चूक सांगतो. दवाखाना नवा होता तेव्हाची गोष्ट आहे. एक पंचावन्न-छप्पन वर्षांचे शेतकरी आले. डावा खांदा दुखतो म्हणाले. उसाला पाणी देतात, रात्री-बेरात्री फावडं चालवतात. मी खांदा दाबून पाहिला, कामानं दुखत असेल म्हणालो, गोळ्या दिल्या आणि शेकायला सांगितलं. केव्हा दुखतं हे मी विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. नंतर त्यांच्या मुलाकडून कळलं की विहिरीकडचा चढ चढताना खांदा भरून यायचा, बसलं की थांबायचा, आणि फावडं मारताना कधी दुखला नव्हता. ते हृदयाचं दुखणं होतं. त्यांनी सांगितलं असतं, पण मी विचारलं नाही.

तेव्हापासून डाव्या खांद्याच्या प्रत्येक माणसाला माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे. हात हलवला की दुखतं, की चाललं की दुखतं? खांद्याचं दुखणं हात हलवला की वाढतं. हृदयाचं दुखणं हात स्वस्थ असला तरी चढ चढताना, भरभर चालताना, ओझं नेताना किंवा जेवून लगेच चालू लागलं की येतं आणि थांबलं की काही मिनिटांत ओसरतं. छातीवर दडपण, दम लागणं, जबड्यात किंवा हाताच्या आतल्या बाजूला कळ, ही त्याची सोबत. चाळिशीच्या पुढचे, तंबाखू-बिडीवाले आणि बीपी-साखरवाले यांनी तर जास्तच सावध असावं. मधुमेही माणसाला आणि बायकांना छातीत दुखतच नाही असंही होतं, नुसता खांदा भरतो, घाम सुटतो, मळमळतं. असं दुखणं बसल्या जागी सुरू झालं आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर रात्र असो की सुगी, १०८ ला फोन करा. ती गाडी फुकट आहे. खांदा चोळायला माणूस बोलावू नका, आणि पित्त असेल म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका. चालताना दुखून थांबलं की थांबणारं असेल तरी दुसऱ्याच दिवशी हृदयाचा कागद, म्हणजे ईसीजी, काढून घ्या. मुरुडला ग्रामीण रुग्णालय आहे, पुढं लातूरला वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय आहे. दोन्ही ठिकाणी जायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. आणि पहिला कागद चांगला निघाला, तरी चढाला खांदा भरतच असेल तर तिथंच थांबू नका, तसं डॉक्टरला पुन्हा सांगा.

असेच आणखी दोन-तीन पाहुणे खांद्यावर येऊन बसतात. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आणि त्याबरोबर उजव्या फऱ्यात दुखणं म्हणजे पित्ताशयातला खडा असू शकतो. वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्याचा खांदा रात्रंदिवस ठणकतो, कळ हाताच्या आतल्या अंगानं करंगळीकडे जाते आणि वजन उतरतं, तर छातीचा एक्स-रे काढलाच पाहिजे. महिनोन्महिने दुखणारा, आखडलेला, मांस झडत चाललेला खांदा आणि संध्याकाळचा बारीक ताप असेल तर सांध्याचा क्षयही असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पुरती घेतली तर तो बरा होतो. खांदा गरम, लाल, सुजलेला आणि अंगात कडक ताप असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो. तिथं दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

आता घरी करायच्या गोष्टी. एका हातानं ओसरीच्या कठड्याला किंवा खाटेला टेका, कमरेत वाका आणि दुखरा हात मोकळा सोडा, विहिरीत सोडलेल्या रिकाम्या पोहऱ्यासारखा. अंगाला हलके झोके द्या म्हणजे हात आपोआप पुढं-मागं आणि मग गोल फिरेल. दोन मिनिटं, दिवसातून तीनदा. दुसरा व्यायाम भिंतीचा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी मुंगीसारखं वर चढत जायचं. जिथं थांबलं तिथं कोळशानं रेघ मारा. रोजचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण पंधरा दिवसांनी रेघ वर गेलेली दिसते आणि माणसाला हुरूप येतो. तिसरा उपरण्याचा. अंघोळीनंतर पाठ पुसतो तसं उपरणं पाठीमागं धरायचं, बरा हात वर, दुखरा हात खाली कमरेमागं, आणि वरच्या हातानं सावकाश ओढायचं. आखडलेल्या खांद्याला हा दुखणं ओसरल्यावरच करायचा. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि तासाभरात थांबलं तर ठीक. रात्रभर ठणकलं तर जास्त झालं, दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं तर सांधा मोकळा होतो. मधुमेह असलेल्यांना पुष्कळदा चटका कळत नाही, त्यांची पिशवी घरातल्या दुसऱ्या कुणी हात लावून पाहावी. तेल हलक्या हातानं लावायला माझी हरकत नाही, बरं वाटतं. बिब्बा आणि डागणं मात्र नको. त्या जखमा चिघळलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि खांदा होता तसाच.

दुखण्यावरच्या गोळ्यांबद्दल स्पष्टच बोलतो. पाच-सात दिवस, जेवणानंतर, डॉक्टरनं सांगितलेल्या, एवढं ठीक. महिनोन्महिने आपल्या मनानं घेतल्या तर पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंड खराब होतं. बीपी, साखर किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय एकही घेऊ नये. बाजारात नाव नसलेल्या पुड्या मिळतात. घेतल्या की दुसऱ्या दिवशी खांदा मोकळा, भूकही वाढते, तोंडावर गोलाई येते. अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. साखर वाढते, हाडं पोकळ होतात, आणि एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. म्हणून आधीपासून घेत असाल तर मनानं सोडू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडे या.

कामात बदल करणं कठीण आहे, ते मलाही कळतं. पण काही जमण्यासारखं आहे. पंप पूर्ण भरण्याऐवजी बारा लिटर भरा. एक-दोन फेऱ्या जास्त होतील, पण खांदा टिकेल. दांड्याचा पंप असेल आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी लागत असेल तर निम्म्यावर हात बदला. पंप जमिनीवरून पाठीवर झटक्यानं घेऊ नका, आधी बांधावर किंवा गाडीच्या साट्यावर ठेवा आणि मग पट्ट्यांत हात घाला. गोणी दोघांनी उचला. पोहरा शेंदण्याऐवजी विहिरीवर चाक बसवलं तर चार घरच्या बायकांचे खांदे वाचतात, आणि त्याला काही फार खर्च येत नाही. झोपताना दुखरा खांदा वर ठेवून कुशीवर झोपा आणि त्या हाताखाली, छातीपुढं, घडी घातलेली वाकळ घ्या. उताणं झोपत असाल तर कोपराखाली घ्या. नीज आली की निम्मं दुखणं हलकं वाटतं.

दवाखान्यात येताना आधी खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटं, असतील तर जुने एक-रे आणि साखरेचा कागद बरोबर आणा. मावशींच्या खांद्याला सव्वा वर्ष लागलं. परवा साखर दाखवायला आल्या होत्या तेव्हा वेणी स्वतःच घालून आल्या होत्या.

रामराम.